रिकामा परत आलेला प्याला

मे, दुसरा रविवार

सूनबाई,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. माझी तब्येत विचारली नाहीस ते बरं केलंस, मला खोटं लिहावं लागलं नाही. पत्ता तुझ्या बहिणीचा आहे म्हणजे अजून तिच्याकडेच आहेस. तिचा नवरा घोरतो हे मला लग्नातच कळलं होतं, मांडवाबाहेर खुर्चीवर झोपला होता. सोस.

मी शाळेत फार दिवस टिकले नाही हे तुला ठाऊक आहे. जोडाक्षर आलं की माझी पेन्सिल अडते. तेव्हा वाचताना नाक मुरडू नकोस.

तू लिहितेस, ते वाक्य दगडावर कोरलं तर मी त्या कबरीपाशी जन्मात पाऊल ठेवणार नाही. वाचलं. दगड अजून पाथरवटाच्या अंगणात आडवा पडलाय. परवा तो आला होता, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, काय कोरू ते एकदा सांगा. माझी कोंबडी त्यावर बसायला लागलीय." मी म्हटलं, पाळकसाहेबांना विचार. पाळकसाहेब, म्हणजे तुझा नवरा, म्हणाले, "सांगतो." वर्ष व्हायला आलं, सांगतोच आहे.

त्याची बाजू घेते असं समजू नकोस. पण मी त्याची आई आहे, थोडी घेणारच. भिंगरीसारख्या लेकीला मातीत ठेवताना बापाच्या तोंडून काय निघावं याचा कुठे अभ्यासक्रम नसतो. तो म्हणाला, "देवाला ती आपल्यापेक्षा जास्त हवी होती." मंडळी मान डोलावत होती. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "मग त्याने मागून बघायचं होतं." तेव्हा मला तुझा राग आला होता. पाळकाच्या बायकोने कबरीच्या काठावर असं बोलावं! आठवड्यात तू गेलीस, जाताना माझ्या पाया पडलीस पण वर बघितलं नाहीस.

आता राग नाही. आता नुसती दमलेय.

इकडचं विशेष काही नाही. चर्चमधल्या पायपेटीचा भाता बिघडलाय. पेटीवाला पायटे मारायला लागला की सूर निघायच्या आधी आतून बारीक शिट्टी येते. त्याला सांगितलं तर म्हणतो, आजी, तुमचे कान गेलेत. कान गेल्यावर कमी ऐकू येतं की जास्त? अशा माणसाच्या हाती आपण स्तुतिगीतं दिलीत.

प्रभुभोजनाचे प्याले मीच भरते अजून. पाळकाच्या घरचे तीन प्याले छोट्या ताटलीत वेगळे असतात, तसे तीनच भरते. तुझासुद्धा. सवय आहे, दुसरं काही मनात आणू नकोस.

तुझी सासू


जून, पहिला रविवार

सूनबाई,

तू उत्तर दिलं नाहीस, तरी लिहिते. ही गोष्ट मला इथे कुणाला सांगता येत नाही आणि पोटात ठेवली तर पोट दुखतं.

प्रभुभोजनाची आपली रीत तू विसरली नसशील. ज्याचं कुणाशी फाटलंय त्याने प्याला उचलायचा नाही. ट्रे पुढे आला की हात मांडीवर ठेवायचा, प्याला भरलेला परत जाऊ द्यायचा, आणि भांडण मिटवूनच पुढच्या वेळी प्यायचा. त्या निमित्ताने कोणाचं कोणाशी वाकडं आहे ते अख्ख्या मंडळीला कळतं. उरलेला द्राक्षाचा रस मोरीत ओतायचा नाही, मातीला द्यायचा. हे सगळं माझ्या सासूने मला शिकवलं, मी तुला शिकवलं, आणि भिंगरीला शिकवायच्या आधीच ती शिकली होती. दिवसभर गरगर फिरणारी पोर, पण प्याले धुवायला बसली की शहाण्यासारखी एका जागी बसायची. तुझ्या प्याल्याच्या काठाचा टवका तिनेच उडवला. पाडला आणि मला म्हणाली, "आजी, हा आईचा करू या. आई रागावत नाही."

तर तोच प्याला.

माझा प्याला तुझा नवरा मला बाकावर आणून देतो, माझे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. उरतात दोन, त्याचा आणि तुझा. सगळ्यांचं झालं की तो मंडळीकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून आपला पितो. मग ताटली मागच्या खोलीत माझ्याकडे येते. तू गेल्यापासून दर वेळी एक रिकामा आणि एक भरलेला यायचा. रिकामा त्याचा, भरलेला तुझा, हे धरूनच चालले. भरलेला नेऊन भिंगरीच्या मातीवर ओतायचे. दगड नाही, निदान ओल तरी असावी.

आज चष्मा पुसलेला होता. बघते तर भरलेला प्याला धड, आणि रिकामा तो टवका उडालेला.

सूनबाई, मी भुताखेतांना भीक घालत नाही. पण हात धुवायच्या पाण्यात होता तो तिथेच राहिला. काठाला ओठ लागल्याचा डाग होता, टवक्याच्या अगदी शेजारी. भिंगरी त्या टवक्यावरून जीभ फिरवायची, मी तिला किती वेळा रागवले होते. खोलीत कोणी नव्हतं. पलीकडे पेटीवाला पेटी मिटत होता आणि भात्यातली उरलेली हवा बाहेर पडत होती. शिट्टीसारखी.

ती शिट्टी कुणाची आहे ते तुला सांगायला नको. त्या शेवटच्या दिवसांत तिच्या छातीतून जी यायची, तीच.

मग मला माझाच राग आला. म्हटलं, म्हातारे, मेलेली पोरं प्याले पीत नाहीत, जिवंत माणसं पितात. आणि जिवंत माणसांत पहिला संशय चर्चच्या घंटावाल्यावर. बाहेर जाऊन त्याला धरलं.

"तोंड उघड."

"आजीबाई, दात नाहीत, बघून काय करणार?"

"वास घेणार."

"साखरेचा द्राक्षाचा रस तुम्ही उकळता. तो पिऊन मला काय चढणार? चोरायचंच तर जरा बरं चोरेन की."

हे पटण्यासारखं होतं. सोडून दिलं.

मग कोण?

सासू


जून, शेवटचा आठवडा

सूनबाई,

पेटी दुरुस्त करणारा आणवला. त्याने भाता उघडला, कातडं चाचपलं, दिव्यासमोर धरून बघितलं. "आत काही नाही, आजी," म्हणाला. "कुठे भोक नाही, चीर नाही." परत मिटली. पेटीवाल्याने पायटा मारला आणि शिट्टी आली.

दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना नाही आली.

तुझा नवरा दारात उभा होता. त्याचा चेहरा मी बघितला. पाठ फिरवून निघून गेला. आणखी काही नाही. तुझ्या बहिणीला विचारलं म्हणून सांग.

सासू


जुलै, पहिल्या रविवारनंतरचा सोमवार

सूनबाई,

हे पत्र बसून वाच. आणि बहिणीच्या नवऱ्यासमोर वाचू नकोस.

काल माझा प्याला झाल्यावर मी नेहमीसारखी बाकावर बसून राहिले नाही. वेदीच्या बाजूचा पडदा आहे ना, ज्याच्यामागे भिंगरी लपायची, तिथे आधीच जाऊन स्टुलावर बसले होते. चर्चच्या पंचांच्या बायका मला शोधत होत्या, मी दम धरून बसले. या वयात पडद्यामागे लपायची वेळ आणलीत तुम्ही दोघांनी माझ्यावर.

त्याने पाठ केली. आपला प्याला उचलला, ओठापर्यंत नेला आणि परत ठेवला. मग तुझा उचलला आणि प्याला. डोळे मिटून, औषध पितात तसा. मग वळून मंडळीला आशीर्वाद दिला. आवाज अगदी खणखणीत.

सगळे गेल्यावर मी बाहेर आले. म्हटलं, "कधीपासून चाललंय हे?"

तो दचकला नाही. वेदीच्या पायरीवर बसला, लहानपणी मार खाऊन बसायचा तसा. "ती गेल्यापासून."

"कुठली ती?"

"दोघीही."

मी म्हटलं, "बायकोशी फाटलंय तर जा, मिटव. इतकं काय त्यात? चार शिव्या खाशील."

"तिच्याशी नाही फाटलं, आई. तिच्या नावाचा म्हणून तर घशाखाली उतरतो. माझ्या नावाचा उतरत नाही."

"मग कुणाशी फाटलंय?"

त्याने वर बघितलं. छताकडे नाही, वेदीवरच्या क्रुसाकडे.

मी चाळीस घरांची भांडणं या चर्चमध्ये मिटवलीत. कोणी कुणाचं कुंपण सरकवलं, कोणी कुणाच्या लग्नात बोलावलं नाही, सगळी. या भांडणात मधे कुठे बसायचं ते मला कळेना.

मग त्याने सांगितलं. ते तुला ठाऊक नाही. तुला त्या शेवटच्या दुपारी मीच जबरदस्तीने झोपायला पाठवलं होतं, तुझे डोळे सुजले होते. तो भिंगरीच्या उशाशी होता. तिचा श्वास वाजत होता. ती म्हणाली, "बाबा, मी काय केलं?" हे तिने मलाही विचारलं होतं, मी म्हटलं होतं, काही केलं नाहीस बाळ, आणि पाय चेपत बसले होते. त्याला तेवढं पुरलं नाही. शिकलेला ना. तो म्हणाला, "काही नाही केलंस. देव कधी कधी आपली परीक्षा घेतो."

तिने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही परीक्षा आहे. मी अभ्यास नाही केला."

आणि थोड्या वेळाने, "मी नापास झाले का?"

त्याने उत्तर शोधलं, सूनबाई. तो म्हणतो, मी उत्तर शोधत होतो आणि शोधता शोधता शिट्टी थांबली.

म्हणून कबरीवर तो तसं बोलला. तुम्हाला सगळ्यांना वाटलं उपदेश करतोय. तो तिला उत्तर देत होता. नापास नाही झालीस, बघ, देवाला तू इतकी हवी होतीस. मातीच्या ढिगाला सांगत होता आणि तू मधे बोललीस. तुझी चूक नाही. त्यालाही ते बोलता क्षणीच खोटं वाटलं होतं, म्हणाला.

मी त्याला जवळ घेतलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. मी विचारलं, "शिट्टी तुलाही येते ऐकू?"

"प्रत्येक गाण्याच्या आधी," तो म्हणाला. "मला वाटायचं मलाच येते."

मग मी प्याले धुतले.

तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. तू तिची आई आहेस, तिचं शेवटचं बोलणं तुझ्याकडे असायला हवं, एवढंच. जड आहे. मी एक दिवस बाळगलं तर कंबर मोडली.

सासू


ऑगस्ट, वर्षाचा दिवस झाल्यावर

सूनबाई,

तू येशील असं वाटलं होतं. दाराजवळच्या बाकावर जागा धरून माझी पिशवी ठेवली होती. पेटीवाल्याची मेहुणी पिशवी सरकवून बसली. असो.

काय झालं ते सांगते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावलेलं कळेल.

आदल्या दिवशी मोठे पंच घरी आले होते. छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाळकसाहेब, आता दगडाचं उरकून टाका. ते तुमचं वाक्यच कोरा, आम्हा सगळ्यांना त्याने फार धीर आला." मला म्हणाले, "आजी, दुःख म्हणजे देवाने घातलेलं कोडं आहे. वर गेल्यावर सुटेल." मी म्हटलं, "कोडं घालायला तिला श्वास कशाला कोंडायला हवा होता? साधं विचारलं असतं तर सोडवलं असतं तिने, हुशार होती." चहा न पिताच गेले.

रविवारी तुझ्या नवऱ्याने उपदेशाला कागद नेला नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या कबरीवर मी एक वाक्य बोललो. ते मी परत घेतो. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मी बनवलं होतं. ती का गेली मला माहीत नाही. आजारी पडली तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत नाही. तिने मला विचारलं आणि मी माहीत असल्यासारखं बोललो."

मोठ्या पंचांनी खोकून बघितलं.

"ज्याच्या नावाने आपण जमतो," हा पुढे म्हणाला, "तो स्वतः खिळ्यांवर असताना 'का' म्हणून ओरडला. त्यालाही उत्तर आलं नाही. आणि मी एका लहान मुलीला उत्तर द्यायला निघालो."

एवढंच. खाली आला. प्रभुभोजन सुरू केलं, ट्रे फिरले, मला माझा आणून दिला. मग वेदीकडे वळला नाही. मंडळीकडे तोंड करून उभा राहिला, आपला भरलेला प्याला उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि न पिता खाली ठेवला. तुझा तर त्याने उचललाच नाही. "माझं भांडण आहे," म्हणाला. "मिटलेलं नाही. पण मी घर सोडून जात नाही."

पंचांच्या बायका एकमेकींना कोपर मारायला लागल्या. भरलेला प्याला ठेवणारा पाळक कुणी बघितला नव्हता. मला वाटलं, गेली आता याची नोकरी, सामान बांधायला घ्यावं.

मागच्या खोलीत ट्रे आले. सूनबाई, मी चष्मा पुसून परत बघितलं. ट्रेमध्ये भरलेले प्याले होते. एखाद-दुसरा नाही, आणि ट्रेमधली कुठली जागा कुणाची ते मला पाठ आहे. घंटावाल्याचा होता, त्याची बायको जळून गेली तेव्हा कुणी त्याला कधी काही विचारलं नाही. तिसऱ्या बाकावरच्या बाईचा होता, जिचा मुलगा वीस वर्षं अंथरुणावर आहे आणि जी दर रविवारी हसत येते. पेटीवाल्याचासुद्धा होता. त्याचं काय आहे ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. माणसं इतकी वर्षं मूग गिळून बसली होती, आणि मी त्यांचे रिकामे प्याले धुऊन पालथे घालत होते.

मोठ्या पंचांनी आपला चाटूनपुसून प्यायला होता, ते सांगायला हवं.

माझ्या प्याल्याचं विचारू नकोस.

एवढा रस मातीला द्यायचा म्हणजे काय काम! ट्रे उचलून नेताना माझे गुडघे बोंबलत होते. घंटावाल्याने एक बाजू धरली. सगळा भिंगरीपाशी ओतला. तुझा टवक्याचा प्याला सगळ्यांत शेवटी. माती काळी झाली आणि मुंग्या आल्या. ती असती तर मुंग्यांमागे गरगर फिरली असती.

पंच बैठक घेणार आहेत म्हणे. घेऊ देत. मला मत नाही पण तोंड आहे.

पाथरवटाला याने सांगितलं आहे. वरती फक्त "भिंगरी" कोर, आणि खालचा भाग गुळगुळीत करून कोरा ठेव. पाथरवट म्हणाला, कोरा दगड बघून लोक विचारतील. हा म्हणाला, "विचारू देत. तिनेही विचारलं होतं."

आता राहू की जाऊ ते तुझं तू बघ. मी सांगायचं ते सांगितलं.

सासू


सप्टेंबर, दगड बसवल्यावर

सूनबाई,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "कोरी जागा किती आहे?"

मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि तशीच चपला घालून निघाले. दगड चांगला बसलाय, हलत नाही, मी ढकलून बघितला. तिच्या नावाखाली हात ठेवला. माझा हात आता वाकडा झालाय, बोटं सरळ होत नाहीत, माझ्या वितीचा काही भरवसा नाही. तुझा नवरा मागे येऊन उभा होता. त्याला म्हटलं, तू मोज. तो म्हणाला, "माझं माप चुकतं, आई."

तेव्हा आकडा लिहीत नाही. काय कोरायचं, की काहीच कोरायचं नाही, ते तुझ्या मनात असेल. त्यात मी पडणार नाही आणि त्यालाही पडू देणार नाही. पण दुसऱ्याच्या वितीवर आपल्या लेकीचा दगड मापायचा नसतो.

पेटी अजून वाजते. गाण्याच्या आधी शिट्टी येते. आता आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो, आणि मग गातो. तू आलीस तर आमच्या दोघांच्या मधे बस. तुला ऐकू आली तर बरं. नाही आली तरी सांगू नकोस.

प्याला भरलेला असेल. पी किंवा ठेव, मी दोन्ही धुते.

हात घेऊन ये.

तुझी सासू